मॅक्बेथ : इतिहासांतला आणि नाटकांतला

(१)

स्कॉटलंडच्या गादीवर मॅक्बेथ नांवाचा राजा १०४० पासून १०५७ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षें, होता. ज्या काळीं त्या देशांतले बहुतेक राजे लढाईंत तरी पडत किंवा भाऊबंदांच्या हातून तरी मारले जात, त्या काळीं सतरा वर्षें गादी सांभाळणारा पुरुष सामान्य म्हणतां यावयाचा नाहीं. पुढें साडेपांचशें वर्षांनीं, १६०६ च्या सुमारास, शेक्सपिअरनें त्याच्या नांवावर एक शोकपर्यवसायी नाटक लिहिलें. आणि तेव्हांपासून मॅक्बेथ म्हणजे निजलेल्या पाहुण्याचा खून करणारा यजमान, हेंच समीकरण जगाच्या मनांत रुजून बसलें. इतिहाससंशोधकांनीं मागाहून खऱ्या राजाची बाजू लोकांपुढें मांडली. ती वाचून कित्येक सुशिक्षित वाचक असें म्हणूं लागतात कीं, शेक्सपिअरनें एका बऱ्या राजाची नाहक बदनामी केली. नाटक म्हणून तें कितीहि थोर असलें तरी इतिहास म्हणून तें खोटें आहे.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. मेलेल्या माणसाला स्वतःची कैफियत मांडतां येत नाहीं, म्हणून ती जिवंतांनीं न्यायानें मांडली पाहिजे, हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु या निमित्तानें एक निराळा प्रश्न विचारावासा वाटतो. शेक्सपिअरनें नाटकासाठीं जी बखर वापरली, तिच्यांत मॅक्बेथच्या बाजूनें सांगण्याजोग्या पुष्कळ गोष्टी लिहिलेल्या होत्या. त्या त्यानें वाचल्या आणि बाजूला टाकल्या. असें त्यानें कां केलें असावें? या प्रश्नाचा माग काढीत गेलें म्हणजे सदसद्विवेकबुद्धि आणि महत्त्वाकांक्षा यांचा जो झगडा या नाटकाचा प्राण म्हणून सांगितला जातो, त्याचें खरें स्वरूप हातीं लागतें, असें आमचें मत आहे.

(२)

प्रथम इतिहास पाहूं. मॅक्बेथ हा उत्तर स्कॉटलंडांतील मोरे प्रांताच्या अधिपतीचा मुलगा. त्याचा बाप फिंडलेख सुमारें १०२० सालीं आपल्याच पुतण्यांच्या हातून मारला गेला. त्या पुतण्यांपैकीं गिलकोमगेन हा १०३२ सालीं आपल्या पन्नास माणसांसह आगींत जळून मेला. त्याची विधवा ग्रुओख ही राजवंशांतली होती. मॅक्बेथनें तिच्याशीं लग्न केलें आणि तिच्या पहिल्या लग्नाचा मुलगा लुलाख याला पदराखालीं घेतलें. शेक्सपिअरनें जिला कोठेंहि नांव दिलें नाहीं, ती मॅक्बेथची बायको इतिहासांत ही ग्रुओख होय.

त्या वेळच्या स्कॉटलंडांत गादी बापाकडून मुलाकडे सरळ जात नसे. राजकुलाच्या निरनिराळ्या शाखांतील कर्त्या पुरुषांपैकीं जो समर्थ असेल त्याच्याकडे ती जाई. दुसऱ्या माल्कम राजानें हा रिवाज मोडून आपल्या मुलीच्या मुलासाठीं, म्हणजे डंकनसाठीं, वाट मोकळी केली. १०३४ सालीं डंकन गादीवर बसला. नाटकांतला डंकन पिकल्या केसांचा, प्रेमळ वृद्ध आहे. इतिहासांतला डंकन वयानें तरुण होता आणि सेनापति म्हणून फारसा यशस्वी नव्हता. इंग्लंडांतील डरहॅम शहरावर त्यानें केलेली स्वारी फसली व त्यांत त्याचें बरेंच सैन्य खर्चीं पडलें. पुढें १०४० सालीं तो फौज घेऊन मॅक्बेथच्याच मुलुखांत शिरला, आणि १४ ऑगस्ट रोजीं एल्गिन गांवाजवळ मॅक्बेथच्या पक्षाकडून मारला गेला. यांत पाहुणचार नाहीं, शयनगृह नाहीं, मध्यरात्रहि नाहीं. दोन बलाढ्य पक्षांच्या झगड्यांत एक पक्ष हरला, एवढीच ही हकीकत आहे.

गादीवर आल्यावर मॅक्बेथनें आणि ग्रुओखनें लॉख लेव्हन येथील साधूंना जमिनी इनाम दिल्या. १०५० सालीं तो रोमच्या यात्रेला गेला, आणि तेथें त्यानें गोरगरिबांना मुक्त हस्तानें पैसा वांटला असें त्या काळच्याच एका बखरकारानें नमूद करून ठेवलें आहे. ज्याला आपल्या पाठीमागें गादी टिकेल कीं नाहीं अशी धास्ती असते, तो राजा महिनेच्या महिने राज्य सोडून परदेशीं जात नाहीं. १०५४ सालीं नॉर्दम्ब्रियाचा सरदार सीवर्ड यानें इंग्लंडांतून चाल करून मॅक्बेथचा पराभव केला. तरी मॅक्बेथ आणखी तीन वर्षें टिकला. १०५७ च्या ऑगस्टांत लुम्फनान येथें डंकनचा मुलगा माल्कम याच्या सैन्यानें त्याला ठार केलें. त्यानंतरहि त्याच्या पक्षानें लुलाखला राजा केलें. परंतु कांहीं महिन्यांतच, १०५८ सालीं, तोहि मारला गेला आणि माल्कमचें राज्य सुरू झालें.

या सगळ्या हकीकतींत मॅक्बेथच्या मनाविषयीं एक अक्षरहि नाहीं. मठांतल्या साधूंनीं लिहिलेल्या त्या जुन्या नोंदी कोण कधीं मेला आणि कोणीं मारला एवढेंच सांगतात. मारणाराला झोप लागली कीं नाहीं हें सांगत नाहींत.

(३)

माल्कमचे वंशज गादीवर बसले तेव्हां मॅक्बेथ हा बळेंच राज्य घेणारा दुष्ट ठरणें हें ओघानेंच आलें. चौदाव्या शतकांतल्या फॉर्डननें त्याला जुलमी ठरविलें. पंधराव्या शतकाच्या आरंभीं विंटननें आपल्या पद्यमय बखरींत भविष्य सांगणाऱ्या तीन स्त्रिया त्याच्या स्वप्नांत आणल्या. १५२७ सालीं हेक्टर बोईस यानें लॅटिन भाषेंत इतिहास लिहिला, त्यांत बँको नांवाचा सरदार प्रथम अवतरला. हा बँको कोणत्याहि जुन्या नोंदींत सांपडत नाहीं. परंतु स्ट्युअर्ट राजांचा तो मूळ पुरुष म्हणून बोईसनें त्याला उभा केला. या सर्वांची गोळाबेरीज होलिन्शेडच्या बखरींत झाली. ती १५७७ सालीं निघाली, आणि तिची दुसरी आवृत्ति १५८७ सालीं निघाली. हीच दुसरी आवृत्ति शेक्सपिअरनें वापरली.

होलिन्शेडचा मॅक्बेथ दुष्ट आहे खरा. पण त्याच्या वकिलाला बोलण्यासारखें पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, डंकन अतिशय मवाळ असून त्याच्या मवाळपणामुळें राज्यांत बंडाळी माजली होती. दुसरी, डंकननें आपल्या अल्पवयी मुलाला युवराज नेमल्यामुळें जुन्या कायद्याप्रमाणें मॅक्बेथला मिळूं शकणारा हक्क बुडाला, म्हणजे त्याच्या तक्रारीला कांहीं आधार होता. तिसरी, डंकनला मारण्याच्या मसलतींत तो एकटा नव्हता. बँकोसुद्धां त्याचे इतर स्नेही त्यांत सामील होते. आणि चौथी, गादीवर आल्यावर दहा वर्षें त्यानें उत्तम राज्य केलें, चांगले कायदे केले, चोरट्यांचा बंदोबस्त केला.

पुढें हा मॅक्बेथ बिघडतो, आणि त्या ठिकाणीं बखरकारानें मनाच्या टोंचणीचा उल्लेखहि केला आहे. परंतु ती टोंचणी कसली? आपण जसें दुसऱ्याला मारलें तसें आपल्यालाहि कोणी मारील, ही. याला आम्ही सदसद्विवेकबुद्धि म्हणावयास तयार नाहीं. हें भय आहे, आणि भय चोरालाहि असतें. आपलें काय होईल हें भय विचारतें. आपण हें काय केलें हें सदसद्विवेकबुद्धि विचारते. या दोन प्रश्नांची गल्लत झाली म्हणजे पकडलें जाण्याच्या भीतीलाच माणूस सज्जनपणा समजूं लागतो.

आतां शेक्सपिअरनें काय केलें तें पाहावें. मॅक्बेथचा गादीवरचा हक्क त्यानें वगळला. डंकनची दुर्बलता वगळून त्याला सर्वांचा लाडका, निष्कलंक राजा केलें. बँकोला कटांतून मोकळें केलें. दहा वर्षांचा सुराज्याचा काळ तर त्यानें पार पुसून टाकला. नाटकांत राज्याभिषेकापाठोपाठ दुसरा खून येतो. मग त्याच बखरींत मागें जाऊन त्यानें एक निराळीच गोष्ट उचलली. डफ नांवाच्या राजाला डॉनवल्ड नांवाच्या किल्लेदारानें आपल्या किल्ल्यांत पाहुणा असतांना, बायकोच्या चिथावणीनें, पहारेकऱ्यांना दारू पाजून, रात्रीं मारविलें होतें. पाहुण्याचा खून, बायकोची भर आणि धुंद पहारेकरी हा सगळा मसाला डॉनवल्डच्या गोष्टींतला आहे. पुतण्याला विष देऊन मारणाऱ्या केनेथ नांवाच्या तिसऱ्याच राजाला एका रात्रीं अंथरुणांत आवाज ऐकूं आला आणि त्याची झोप उडाली, अशीहि हकीकत तेथें आहे. तो आवाजहि शेक्सपिअरनें मॅक्बेथच्या कानांत घातला.

यांतल्या कांहीं फेरफारांना राजकारणाचें कारण होतें हें उघड आहे. १६०३ सालीं स्कॉटलंडचा राजा जेम्स हा इंग्लंडच्या गादीवर आला आणि त्याच वर्षीं शेक्सपिअरच्या नाटकमंडळीला त्याचा आश्रय मिळून ती ‘राजाची मंडळी’ झाली. बँको हा जेम्सचा पूर्वज मानला जात असल्यामुळें त्याला खुनाच्या कटांत दाखविणें शक्य नव्हतें. शिवाय ५ नोव्हेंबर १६०५ रोजीं पार्लमेंट राजासकट दारूनें उडविण्याचा कट उघडकीस आलेला. राजहत्या हा विषय लोकांच्या अंगावर कांटा आणणारा होता. चेटकिणींवर तर जेम्सनें स्वतः ग्रंथ लिहून १५९७ सालीं प्रसिद्ध केला होता. हें सर्व खरें. तथापि राजाला खूष करण्यास बँको निर्दोष आणि डंकन कायदेशीर राजा असला म्हणजे पुरे होतें. मारणारा मनुष्य मारण्यापूर्वीं एकांतांत उभा राहून आपल्या सावजाचे गुण एकेक करून आठवतो, हें राजाच्या मर्जीसाठीं लिहावें लागलें नव्हतें. हें शेक्सपिअरचें स्वतःचें आहे. बखरीनें मॅक्बेथला दिलेल्या सबबी एकेक काढून घेतल्या म्हणजे मागें काय उरतें, हें त्याला पाहावयाचें होतें.

(४)

तें कसें पाहिलें हें पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशांत दिसतें. आंत डंकनची मेजवानी चालली आहे, आणि यजमान पंक्तींतून उठून एकटाच बाहेर आला आहे. त्याचें स्वगत भाषण बारकाईनें वाचणाराला एक मौज आढळून येईल. आरंभीं तो निव्वळ हिशेब करीत असतो. एका घावानें काम संपणार असेल तर परलोकाचेंहि भय आपण बाळगणार नाहीं. पण इहलोकींच आपला धडा आपल्यावर उलटतो, असें तो म्हणतो. येथवर तो होलिन्शेडचाच मॅक्बेथ आहे; त्याला भय वाटत आहे. पण विचार तेथें थांबत नाहीं. डंकन आपला आप्त आहे, आपला धनी आहे, आपला पाहुणा आहे, हें त्याला आठवतें. मग डंकननें सत्ता किती सौम्यपणें वापरली हें आठवतें. आणि शेवटीं त्या खुनानें साऱ्या जगांत उसळणारी करुणा त्याच्या डोळ्यांपुढें उभी राहते. जो हिशेब करावयास बसला होता, तो स्वतःच्या इच्छेविरुद्ध दयेपर्यंत येऊन पोंचतो. कृत्याकडे ढकलणारी एकच गोष्ट आपल्याजवळ आहे आणि ती म्हणजे महत्त्वाकांक्षा, अशी कबुलीहि तो स्वतःशीं देतो. हक्क नाहीं, अन्याय नाहीं, राष्ट्राचें हित नाहीं. ज्याच्याजवळ एकहि सबब नाहीं आणि ज्याला ही गोष्ट पुरती ठाऊक आहे, असा हा खुनी आहे.

इतक्यांत त्याची बायको येते, आणि तो तिला सांगतो कीं हा विषय आतां पुढें नेऊं नये. पण कारण काय सांगतो? राजानें नुकताच आपला सन्मान केला आहे, लोकांत आपली वाहवा होत आहे, ती इतक्यांत घालवूं नये! क्षणापूर्वीं मनांत उभी राहिलेली ती करुणा, तें आप्तपण, तो पाहुणचाराचा धर्म, यांतलें एक अक्षरहि त्याच्या तोंडून निघत नाहीं. आमच्या मतें नाटकाचा कांटा येथें फिरतो. सदसद्विवेकबुद्धीनें एकांतांत जें स्पष्ट सांगितलें, तें जिच्यावर सर्वांत अधिक विश्वास तिच्यापुढेंहि उच्चारण्याची मॅक्बेथला लाज वाटते. तो तिच्यापुढें सज्जनपणाऐवजीं प्रतिष्ठा उभी करतो, आणि प्रतिष्ठेला उत्तर देणें तिला जड जात नाहीं.

ती त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते. लगेच तोहि मर्दपणाविषयींच बोलूं लागतो. ती आणखी दोन पावलें पुढें येते, तेव्हां तो विचारतो, बेत फसला तर काय? येथें सर्व संपलें. हें करणें योग्य आहे काय, हा पहिला प्रश्न होता. त्याच्या जागीं, हें करण्याची हिंमत आहे काय, हा दुसरा आला. आणि त्याच्या जागीं, हें जमेल काय, हा तिसरा. तिसऱ्या प्रश्नाला पहारेकऱ्यांना दारू पाजण्याची तोड तयारच होती. पहिल्या प्रश्नाचें उत्तर कोणींच दिलें नाहीं. कोणीं मागितलेंहि नाहीं. सदसद्विवेकबुद्धीचा वादांत पराभव झाला असें म्हणतां येत नाहीं, कारण ती वादांत उतरलीच नव्हती.

हा प्रकार राजवाड्यांतच घडतो असें वाचकांनीं समजूं नये. घरांत, कचेरींत, संस्थेच्या कार्यकारी मंडळांत, एखादी अनुचित गोष्ट ठरत असतांना ज्याला ती खटकते तो मनुष्य बहुधा ‘हें वाईट आहे’ असें म्हणत नाहीं. ‘हें बरें दिसणार नाहीं’, ‘लोक काय म्हणतील’, ‘अंगाशीं आलें तर?’ असें तो म्हणतो. मग बरें कसें दिसेल आणि अंगाशीं कसें येणार नाहीं याची व्यवस्था दुसरा कोणी तरी करून देतो, आणि खटकणाऱ्या माणसाला आपली संमति रोखून धरण्यास कारण उरत नाहीं.

(५)

खून पडद्याआड होतो. शेक्सपिअरनें तो दाखविला नाहीं. त्यानें दाखविले ते खुनाच्या आधींचे आणि नंतरचे मॅक्बेथचे हात. आधीं त्याला हवेंत कट्यार दिसते. नंतर जवळच्या खोलींत निजलेले दोघे देवाचें नांव घेत असतां त्याच्या तोंडून त्यांच्या प्रार्थनेला ‘आमेन’ एवढा शब्द निघत नाहीं, आणि आपण झोपेचाच खून केला असें कोणी ओरडून सांगत असल्याचा त्याला भास होतो. ज्या सदसद्विवेकबुद्धीला वादांत बोलूं दिलें नव्हतें, ती आतां डोळ्यांतून आणि कानांतून बोलूं लागते. तेवढ्यांत दारावर थापा पडतात. डी क्विन्सी या निबंधकारानें १८२३ सालीं या थापांवर एक लहानसा निबंध लिहिला. त्या थापांनीं बाहेरचें रोजचें जग परत येतें, आणि मधल्या काळांत तें जग किती दूर गेलें होतें हें तेव्हां कळतें, असा त्याचा आशय आहे.

यापुढें मॅक्बेथला पश्चात्ताप होईल अशी अपेक्षा सामान्य नाटक पाहणारा करतो. शेक्सपिअरनें ती पुरविली नाहीं. बँकोला मारण्याचा बेत मॅक्बेथ बायकोला विचारून करीत नाहीं. करून झाल्यावर तूं वाखाणणी कर, एवढेंच तिला सुचवितो. बँकोचें भूत मेजवानींत त्याच्या जागेवर येऊन बसतें, तेव्हां तो अजून हादरतो. परंतु त्याच रात्रीं तो मनाशीं ठरवितो कीं, मनांत येईल तें तपासून पाहण्यापूर्वींच हातानें उरकून टाकावयाचें. विचार आणि कृति यांच्यामध्यें जी घटकाभर सवड असते, तिच्यांतच माणसाची सदसद्विवेकबुद्धि राहत असते. ती सवडच त्यानें बुजवून टाकली. त्याचें पहिलें फळ म्हणजे मॅक्डफच्या बायकामुलांची कत्तल. मॅक्डफ इंग्लंडांत निसटला आहे. मागें राहिलेल्या बायकोला व पोरांना मारून मॅक्बेथला कवडीचाहि फायदा नाहीं. डंकनच्या खुनांत निदान मुकुट मिळावयाचा होता. या खुनाला महत्त्वाकांक्षेचेंहि कारण उरलेलें नाहीं.

शेवटच्या अंकांत आपल्याला आतां भीति वाटेनाशी झाली आहे असें तो स्वतःच सांगतो. बायको मेल्याची बातमी येते तेव्हां त्याला धड रडूंहि येत नाहीं. सारें जगणेंच त्याला अर्थहीन वाटतें. म्हातारपणीं माणसाला ज्या मायेची आणि मानाची आशा असते ती आपल्या वांट्याला नाहीं, हें मात्र तो ओळखून आहे. त्याला शिक्षा झाली ती हीच. त्याचें मन त्याला बोचत राहिलें असतें तर एखादे वेळीं तो सुटताहि; तें बोचेनासें झालें.

मग तें बोचणें गेलें कोठें? तें त्याच्या बायकोकडे गेलें. खुनाच्या रात्रीं थोडेंसें पाणी पुरे आहे असें म्हणणारी ती बाई पांचव्या अंकाच्या आरंभीं झोपेंत चालतांना दिसते, आणि जे डाग जागेपणीं कोणालाच दिसत नाहींत ते धुण्याचा प्रयत्न करीत असते. तिच्याजवळ रात्रभर दिवा ठेवावा लागतो. हा प्रवेश कांहीं आकाशांतून पडलेला नाहीं; निजलेला डंकन आपल्या बापासारखा दिसला म्हणून आपला हात चालला नाहीं, असें तिनें त्याच रात्रीं ओझरतें सांगितलें होतें. तिनेंहि आपल्या मनांतली ती गोष्ट एका वाक्यांत झांकून टाकली होती. सायमन फॉर्मन नांवाच्या एका वैद्यानें १६११ सालीं ग्लोब नाटकगृहांत हें नाटक पाहून आपल्या टिपणवहींत जें लिहून ठेवलें, त्यांत रक्ताचे न निघणारे डाग आणि राणीचें झोपेंतलें चालणें या दोन्ही गोष्टी आहेत. पुढें १७८५ सालीं लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहांत सेरा सिडन्स ही प्रख्यात नटी प्रथम या भूमिकेंत आली, तेव्हां तिनें हातांतली मेणबत्ती खालीं ठेवली. त्यापूर्वींच्या नटी ती हातांतच धरीत असत. पण हात चोळून धुवावयाचे तर ते दोन्ही मोकळे हवेत, हें या नटीनें बरोबर ओळखलें.

(६)

या नाटकाचा आणि मराठी रंगभूमीचा संबंध जुना आहे. शिवराम महादेव परांजपे यांनीं तें ‘मानाजीराव’ या नांवानें मराठींत आणलें, आणि वि. वा. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ हा अवतार १९५४ सालीं रंगभूमीवर आला. परंतु मॅक्बेथ वाचतांना मराठी वाचकाच्या मनांत या रूपांतरांच्याहि आधीं दुसरेंच एक नाटक उभें राहतें, आणि तें म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें १९०९ सालचें ‘भाऊबंदकी’. गादीची हांव असलेला नवरा, त्याला पुढें लोटणारी बायको आणि स्वतःच्या घरांत सांडलेलें आप्ताचें रक्त, ही सामग्री दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणूनच दोहोंतला फरक पाहण्यासारखा आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा खून केला. राघोबादादांनीं पुतण्याला नुसतें धरण्याचा हुकूम दिला होता आणि आनंदीबाईंनीं ‘ध’ चा ‘मा’ केला, ही आख्यायिका महाराष्ट्रांत लहान मुलालाहि ठाऊक आहे. ती खरी असो वा नसो, तिनें राघोबादादांना एका अक्षराची सवड ठेवली आहे. मॅक्बेथला अशी एका अक्षराचीहि सवड शेक्सपिअरनें ठेवली नाहीं. दुसरा फरक याहून मोठा आहे. ‘भाऊबंदकी’ मध्यें सदसद्विवेकबुद्धि रामशास्त्री प्रभुण्यांच्या रूपानें बाहेरून चालत येते आणि सर्वांसमक्ष देहान्त प्रायश्चित्त सुनावते. अपराधी ऐको वा न ऐको, पहिला प्रश्न दरबारांत मोठ्यानें विचारला जातो. असा एक पुरुष आपल्या इतिहासांत होऊन गेला याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे. पण मॅक्बेथच्या किल्ल्यांत रामशास्त्री नाहीं. तेथें न्यायाधीश आणि आरोपी एकाच देहांत राहतात, आणि आरोपी न्यायाधीशाला तोंड उघडूं देत नाहीं. बहुतेक माणसांचा खटला याच कोर्टांत चालतो. प्रत्येकाच्या दारीं रामशास्त्री येतोच असें नाहीं.

(७)

मग खऱ्या मॅक्बेथवर अन्याय झाला कीं नाहीं? झाला, असेंच उत्तर देणें प्राप्त आहे. रोमला जाऊन गरिबांना पैसा वांटणाऱ्या, सतरा वर्षें राज्य सांभाळणाऱ्या राजाला त्या नाटकावरून दोषी धरणें चूक आहे, आणि इतिहासकारांनीं त्याची सुटका केली हें योग्यच झालें. इतिहासानें मनुष्याला न्याय द्यावयाचा तर त्याची परिस्थिति, त्याचे हक्क, त्याच्या काळचे रिवाज आणि त्याच्या शत्रूंचे हेतु हें सर्व मोजलेंच पाहिजे.

परंतु दुसऱ्याला न्याय देण्यासाठीं जीं मापें वापरावयाचीं, तींच मनुष्य स्वतःच्या बचावासाठीं फार लौकर हातीं घेतो. परिस्थितीच तशी होती, माझा हक्क बुडाला होता, मी एकटाच नव्हतों, आणि पुढें मी चांगलें कामहि केलें : होलिन्शेडनें मॅक्बेथसाठीं लिहून ठेवलेल्या या चार सबबी आपल्यापैकीं कोणाच्या तोंडीं कधीं आल्या नाहींत? शेक्सपिअरनें त्या काढून घेतल्या त्या एका मेलेल्या राजाचा सूड म्हणून नव्हे. त्यांच्यावांचून मनुष्य स्वतःला कसा दिसतो, हें त्यांच्यासह कधींच दिसलें नसतें.

ज्या वाचकांनीं हें नाटक शाळा-कॉलेजांत परीक्षेपुरतें वाचून बाजूस ठेवलें असेल, त्यांनीं पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश पुन्हा एकवार सावकाश वाचावा, मूळांत किंवा मराठींत, जसा जमेल तसा. तो फार मोठा नाहीं. पाव घटकेंत वाचून होतो. वाचतांना ‘हें योग्य आहे काय’ हा प्रश्न नेमका कोणत्या ओळीवर नाहींसा होतो तेवढें पाहावें. ती ओळ एकदां सांपडली म्हणजे पुढचे चार अंक कसे आले हें दुसऱ्या कोणीं समजावून देण्याची गरज राहत नाहीं.